जस्त, बेडूक आणि दांडी

बुधवार, रात्री

पुतणी स्पर्धा परीक्षेच्या मागं लागल्यापासून घरात इंग्रजी पेपर येतो. आज जेवताना तिनं विचारलं, "आत्ती, दांडीयात्रेनं देशाला गॅल्वनाईज केलं, असं लिहिलंय हितं. म्हंजे काय, जस्तात बुडवून काढला का देश? मी तर पाइपाचाच अर्थ धरून बसलो." भाऊ इतका हसला की ठसका लागला त्याला.

पोरीचं काय चुकलं? कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड असलेल्या घरात वाढली ती. "माल गॅल्वनाईजला गेलाय" हे वाक्य तिनं बाराखडीच्या आधी ऐकलं असेल. शेडचे हिशेब आणि चलनं मी बघते, माझ्याही तोंडी तो शब्द सारखा असतो, आणि त्यात वीज कुठंच नसते. जॉब, म्हणजे तयार लोखंडी माल, आधी ॲसिडमध्ये टाकतात, गंज उतरला की धुतात, फ्लक्समधून (जस्त नीट धरावं म्हणून असलेल्या क्षाराच्या पाण्यातून) काढून वाळवतात आणि साखळीला लटकवून वितळलेल्या जस्तात सोडतात. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, टाकी ४५० च्या आसपास ठेवतात. टाकीवर राख धरते, ती आधी बाजूला ओढायची आणि मगच जॉब वर घ्यायचा, नाहीतर राख अंगाला चिकटून वर येते. पोकळ पाइपाला आधी होल मारलेली नसली, तर आतला ओलावा आणि हवा तापून पाइप फुटतो, शेजारी उभ्या माणसाच्या अंगावर जस्त उडतं. म्हणून माल गाडीत चढायच्या आधी भाऊ प्रत्येक बंद टोक स्वतः बोट फिरवून बघतो. त्या बाबतीत त्याचा माझ्यावरही विश्वास नाही.

मग विजेवरून आलेलं नाव याला का? जेवणं झाल्यावर पुतणीला घेऊन बसले.

इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्वानी नावाचा वैद्य होता. मेलेल्या बेडकाच्या तंगड्या पितळी आकड्याला अडकवून लोखंडी कठड्यावर टांगल्या, की त्या झटका देऊन आखडायच्या. प्राण्याच्या शरीरातच वीज असते असं त्यानं ठरवलं आणि १७९१ मध्ये तसं छापलं. व्होल्टा नावाच्या दुसऱ्या इटालियन शास्त्रज्ञाला ते पटेना. त्याचं म्हणणं, वीज बेडकाची नव्हे, दोन वेगळ्या धातूंची, बेडूक नुसता ओला म्हणून मध्ये चालला. ते दाखवायला त्यानं बेडूक काढूनच टाकला. जस्त आणि चांदीच्या चकत्या एकाआड एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवले, आणि १८०० साली जगाला बॅटरी मिळाली. खरं तर ज्याचं नाव शब्दात राहिलं त्याच्यापेक्षा व्होल्टाचं म्हणणंच त्या कठड्यापुरतं बरोबर होतं. (व्होल्टाचं नाव वीज मोजायच्या 'व्होल्ट'मध्ये राहिलं, त्यामुळे तक्रार नको.)

गॅल्वानीचा भाचा आल्दिनी मात्र भलताच हौशी. १८०३ मध्ये लंडनला फाशी गेलेल्या एका माणसाच्या प्रेताला त्यानं लोकांसमोर तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, हात वर उचलला गेला. गॅल्वनाईज करणं म्हणजे विजेचा धक्का देणं, हा अर्थ अशा खेळांतून पसरला, आणि पुढं धक्का राहिला, वीज गळाली. आता इंग्रजीत पुढारी कार्यकर्त्यांना गॅल्वनाईज करतो, प्रशिक्षक संघाला करतो.

पुतणी लगेच म्हणाली, "म्हंजे जाळ आणि धूर संगटच!" तसंच. खासबागेच्या कुस्ती मैदानात हलगी कडाडली की मातीत न उतरलेल्या माणसाचेही दंड फुरफुरतात. शाहू स्टेडियमवर पेठांच्या दोन संघांची फुटबॉल मॅच असली की गॅलरी उभीच्या उभी असते. ते गॅल्वनाईज म्हणायला माझी हरकत नाही. पण भाषणाच्या बातमीत तो शब्द आला की मला आल्दिनी आठवतो. हात वर गेला खरा, पण तार काढल्यावर काय? दांडीचं तसं नव्हतं. १२ मार्च १९३० ला निघालेली माणसं ६ एप्रिलला मिठापर्यंत पोचली, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने गावोगाव लोक कायदा मोडून तुरुंगात जात राहिले. हा झटका नव्हे. पुतणीला म्हटलं, परीक्षेत "देश पेटून उठला" असं लिही आणि सोड.

पण मला तिला सांगायचं होतं ते दुसरंच, आणि तेवढ्यात तिला झोप यायला लागली. म्हणून इथं लिहिते. पत्र्याचं गॅल्वनाईज हे काही ढिसाळपणे पडलेलं नाव नाही. सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं १८३७ साली लोखंड वितळत्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं आणि हे नाव मुद्दाम दिलं. वीज बुडवण्यात नाहीच, ती नंतर आहे. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं आणि वर पाऊस पडला, की दोन धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे बेडकाच्या तंगडीचाच मामला. बारीकसा प्रवाह सुरू होतो आणि त्यात जस्त झिजतं, लोखंड टिकतं. जस्त संपेपर्यंत हे चालतं. थोरल्या भावानं धाकट्याचे फटके खावेत तसं. नुसता रंग हे करू शकत नाही, एकदा पोपडा धरला की त्याच्या आडून गंज खुशाल पसरतो. धक्क्याच्या अर्थापेक्षा मला हा अर्थ जास्त मानाचा वाटतो, आणि इंग्रजी पेपरवाल्यांना त्याचं काही पडलेलं नाही.

सध्या गगनबावड्याकडचं एका गेटचं काम आहे. तिकडचा पाऊस लोखंडाला दयामाया दाखवत नाही. गेट गॅल्वनाईज करून नेलं तरी जागेवर दोन-चार वेल्डिंग मारावीच लागतात, आणि वेल्डिंग मारलं की तेवढ्या जागचं जस्त जळून जातं. त्या धुरानं वेल्डरला संध्याकाळी कणकण येते, तोंडात गोडसर चव राहते. आमच्याकडं अशा दिवशी पोरांना दूध द्यायची पद्धत आहे. त्यानं काही होत असेल असं मला वाटत नाही, पंखा लावून वाऱ्याच्या बाजूला उभं राहण्यानं होतं, पण दूध बंद केलं तर पोरं माझ्याशी बोलायची नाहीत.

जळालेल्या सांध्यांवर जस्ताची पूड असलेला रंग मारायचा म्हणून कोटेशनमध्ये वेगळी रक्कम धरलीय. गिऱ्हाईकाचा आज दुपारी फोन आला होता. म्हणतंय, "ताई, तेवढं काढा की, वरनं चंदेरी रंग मारला तर कुणाला कळतंय?" भावाला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो फोन लावून भांडत बसेल. मीच उद्या बोलते, आणि रक्कम काही कमी करणार नाही.