लेकुरवाळ्या विद्यार्थिनींना चित्र आणि कविता शिकवताना

सोलापूरच्या पूर्व भागात, विडी वळणाऱ्या घरांच्या वस्तीत मी दुपारचा वर्ग घेते. बहुतेक जणी विशी-बाविशीच्या. आठवी-नववीत शाळा सुटली, लग्न झालं. आता मांडीवर मूल आणि समोर दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म. सकाळी कारखान्यात विड्या द्यायच्या, पान-तंबाखू घेऊन परतायचं, स्वयंपाक उरकायचा. म्हणून वर्ग दुपारी 2 ला.

फॉर्मपाशीच पहिली अडचण. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. या धावपळीत कितीतरी जणींनी आपलं माहेरचं पूर्ण नाव लग्नानंतर पहिल्यांदाच लिहिलं. कवितेचा तास मी तिथूनच सुरू केला. या नावानं तुम्हाला कोण हाक मारायचं, ते लिहा, म्हटलं. एकीनं दोनच ओळी लिहिल्या: ‘हजेरीत बाई माझं नाव घ्यायच्या, आता सगळे बाळाची आई म्हणतात.’ मी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

चित्रकलेत मात्र कोरा कागद दिला की सगळ्या गप्प. नाहीतर दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी. मग मी पेन्सिली बाजूला ठेवल्या आणि घरून कात्री आणायला सांगितली. पत्र्याचा साचा ठेवून तेंदूची पानं कापणारे हात ते! त्या बोलता बोलता, पोराला दटावता दटावता, वळण न चुकवता कापतात. साचा काढून घेतला आणि उरलेल्या कातरणांतून हवं ते कापा म्हटलं, तर कोंबडा निघाला, गाठोडं घेतलेली बाई निघाली, सिद्धेश्वराच्या जत्रेतली काठी निघाली. “हे तर रोजचंच हाय की, अक्का,” एक जण म्हणाली. रोजचंच आहे, म्हणून तर सुंदर आहे, असं माझं ठाम मत आहे.

कातरणं तंबाखूपासून वेगळी ठेवून, धुऊन, जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवावी लागतात, कारण रांगती पोरं सगळं तोंडात घालतात. रंगही त्यामुळे हळदीचे, बिटाचे, चहाच्या पाण्याचे.

चौकटींच्या वहीवर आम्ही चादरीची नक्षीही उतरवली. जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरीचं डिझाईन मुळात ग्राफवरच उभं राहतं. ज्यांच्या घरी माग होता, त्यांनी बाकीच्यांना शिकवलं. मी नुसती बघत होते.

दहावीच्या मराठी कुमारभारतीत 80 पैकी 16 गुण पद्याचे. रसग्रहण म्हटलं की पोरी धास्तावतात. मी झोळीची दोरी हातात दिली आणि झोका देत अंगाई म्हणायला सांगितलं. कुठे थांबता, कुठली ओळ परत घेता, का घेता, एवढंच विचारलं. लय, पुनरुक्ती, भाव, सगळं त्यांच्याच तोंडून आलं. नंतर पाठ्यपुस्तकातल्या कवितेला तेच प्रश्न विचारले. काही जणींच्या अंगाया तेलुगूत होत्या, एकीची कानडीत. त्याही देवनागरीत लिहून घेतल्या आणि शेजारच्या पानावर जिची तिनंच मराठीत अर्थ लिहिला. परीक्षेत ते पान कोणी विचारणार नाही, तरी मी त्याला पूर्ण तास देते.