पांढरी दोन बोलली! स्लेंग टेंग, नोंद ३

रविवारी एकदाचं जमलं. मागच्या नोंदीत रडलो होतो ना, कॅसिओ एमटी-४० या छोट्या कीबोर्डची बाकी सगळी बटणं वाजतात आणि नेमकी बेसची डी, म्हणजे आपली पांढरी दोन, मुकी? स्लेंग टेंग, म्हणजे जमैकाच्या रेगे संगीतातला तो गाजलेला ठेका, त्याला तीच लागते. विकणाऱ्याच्या भाषेत हा डबा 'चालू कंडिशन'. मागचे स्क्रू काढले, कॉन्टॅक्टवरचा काळपट थर इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसला, नीट वाळू दिला. रॉकचा ठेका, सिंक्रो (कळ दाबताच ठेका सुरू करणारं बटण), मग डी. धाडकन तीच बेस!

गंमत म्हणजे पहिल्यांदा ती रेगे वाटतच नाही. फार घाईत असते. ठेका बसवला हिरोको ओकुदा यांनी, कॅसिओत नव्या नव्या असताना. जमैकात किंग्स्टनमध्ये गायक वेन स्मिथ आणि त्याचा साथीदार नोएल डेव्ही यांना तो यंत्रात सापडला आणि ते तिथल्याच वॉटरहाउस भागात निर्माता किंग जॅमीकडे गेले. जॅमीने काय केलं, तर लय उतरवली. वर पियानो आणि टाळ्या. बस्स. मीही गती थोडी थोडी कमी करत गेलो, आणि एका जागी तीच बेस अशी जड होऊन बसली की टेबलावरचा चहाचा कप थरथरला.

ती जागा ओळखणारा कान जॅमीने डब संगीताचा उस्ताद किंग टबी याच्याकडे कमावला. डबमध्ये एकेक वाद्य काढून घेतल्यावर काय उरतं, हेच तर ऐकायचं असतं. ब्लॅक उहुरू या रेगे बँडचा १९७७ चा पहिला अल्बमही जॅमीनेच केलेला, पण तो हाडामांसाच्या वादकांचा. १९८५ च्या फेब्रुवारीत ब्लॅक स्कॉर्पिओ या साउंड सिस्टिमशी (मोठे स्पीकर लावून रस्त्यावर गाणी वाजवणारा ताफा) झालेल्या सामन्यात त्याने स्लेंग टेंग लावलं आणि जमैकात सगळ्यांनाच यंत्राचा ठेका हवासा झाला. आपल्याकडे एका चालीवर दहा अभंग म्हणतात, तशी या एका ठेक्यावर शेकडो गाणी निघाली. स्टुडिओतल्या ड्रमर-बेसवाल्यांची कामं त्यात गेली. जुने रेगेवाले म्हणूनच नाक मुरडतात, आणि त्यांचं अगदीच चूक नाही.

माझा पियानो मात्र अजून फसतोय. तो ठोक्यांच्या मधल्या फटीत पडायला हवा, आणि पेटीची सवय असलेला हात दर वेळी समेवर येऊन बसतो. आठ आवर्तनांतली तीन धड गेली. सेल उतरले म्हणून थांबलो.