बुटीबोरीची क्रेन आणि वीस मिलिसेकंदांचा रतीब

नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका कारखान्याच्या यार्डात आम्ही खासगी ५जी नेटवर्क उभारलं. तिथली क्रेन चालवणारा माणूस वर केबिनमध्ये नसतो, खालच्या खोलीत पडद्यासमोर बसतो. क्रेन दर २० मिलिसेकंदांनी आपली स्थिती रेडिओवरून कळवते. ३० मिलिसेकंदांत काही आलं नाही, तर सुरक्षा यंत्रणा ब्रेक लावते. मे महिन्यात, नवतपा सुरू असताना, हा ब्रेक मधूनच लागायला लागला. वायर रोपला टांगलेलं लोखंड हवेत झुलताना खाली उभं राहून पाहिलंय मी. ते विसरता येत नाही.

आमच्याकडे पहिला संशय नेहमी इंटरफिअरन्सवर, म्हणजे दुसऱ्या रेडिओ लहरींच्या अडथळ्यावर. तीन दिवस अँटेनाचा कल बदलण्यात गेले. सिग्नल उत्तम, पॅकेट लॉस (डेटाचे तुकडे वाटेत हरवण्याचं प्रमाण) शून्य, सरासरी विलंब १० मिलिसेकंद. तासाची सरासरी काढणाऱ्या काउंटरांवर आमच्या धंद्याचा फार भरवसा आहे, आणि तो चुकीचा आहे.

चौथ्या दिवशी ऑपरेटर काकांनी वही पुढे केली. प्रत्येक वेळी क्रेन थांबली की त्यांनी मिनिट लिहून ठेवलं होतं. "सकाळी कमी थांबते जी हे. ऊन चढलं का घडी घडी थांबते." पहिल्याच दिवशी त्यांनी हे सांगितलं होतं आणि मी मान हलवून पुढे गेलो होतो. आता वजाबाक्या केल्या. सकाळी दोन थांब्यांमध्ये साधारण १३ मिनिटं, दुपारी साडेसहा. इंटरफिअरन्स इतका शिस्तीचा नसतो.

मोबाइल यंत्राला डेटा पाठवायचा तर आधी बेस स्टेशनकडे जागा मागावी लागते, ती मिळाली की मग पाठवायचं. ठरल्या अंतराने येणाऱ्या डेटासाठी दरवेळी असं मागत बसण्यात वेळ जातो. म्हणून जागा आधीच राखून ठेवतात, दुधाच्या रतिबासारखी. ५जीमध्ये याला कॉन्फिगर्ड ग्रँट म्हणतात. आमचा रतीब २० मिलिसेकंदांचा होता, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाच्या दर ४० स्लॉटनंतर एक. क्रेनचं पॅकेटही २० चंच. कागदावर जोडी जुळलेली.

पण ही दोन वेगवेगळी घड्याळं आहेत. बेस स्टेशन जीपीएसवर चालतं आणि क्रेनवरचा मोडेम त्याचीच वेळ पाळतो. पॅकेट मात्र कंट्रोलरमध्ये तयार होतं, आणि कंट्रोलर चालतो स्वतःच्या साध्या क्रिस्टलवर, म्हणजे ठोके देणाऱ्या स्फटिकावर. साडेसहा मिनिटं म्हणजे ३९० सेकंद. तेवढ्यात २० मिलिसेकंद सरकायचे तर क्रिस्टल दहा लाखांत ५१ भाग मागे पडायला हवं. प्रत्येक पॅकेट आधीच्यापेक्षा एक मायक्रोसेकंद उशिरा. साडेएकोणीस हजार पॅकेटं व्यवस्थित जातात, मग एक पॅकेट केसभर उशिरा पोचतं. राखीव स्लॉट रिकामा निघून जातो, पॅकेट पुढच्या स्लॉटची वाट पाहतं आणि पलीकडे ४० मिलिसेकंदांची पोकळी दिसते. पॅकेट हरवत नाही, म्हणून लॉस शून्य. राखीव जागा असताना मोडेमने वेगळी मागणी करू नये, अशी सेटिंग असते. ती आम्हीच चालू केली होती.

आणि ऊन? कंट्रोलरचा पत्र्याचा डबा क्रेनवर उघड्यावर आहे. क्रिस्टलची गती तापमानाने बदलते. दुपारी त्या डब्याला हात लावला तेव्हा चटका बसला.

हे आधी कुणाला कसं दिसलं नाही? एलटीईत, म्हणजे ४जीत, अशी राखीव जागा मुख्यतः आवाजासाठी आली. आवाजाची फ्रेमही २० मिलिसेकंदांची, पण फोनमध्ये जिटर बफर, म्हणजे आलेला आवाज क्षणभर साठवून मग वाजवणारा साठा, असतो आणि एक फ्रेम उशिरा आली तर ती तिथे सामावून जाते. क्रेनच्या ब्रेककडे असं बफर नाही. ५जी मानकाच्या रिलीज १६ या आवृत्तीपासून पॅकेट नेमकं कधी येणार, याची माहिती नेटवर्कला देण्याची सोय आहे. आमच्या कंट्रोलरला बाहेरून वेळ घेताच येत नाही, मग ती सोय असून काय उपयोग!

त्या दुपारी ग्रँट ५ मिलिसेकंदांवर आणली. आता पोकळी जास्तीत जास्त २५ ची, ब्रेकच्या आतली. काका साडेपाचपर्यंत वही उघडून बसले होते. पान कोरं राहिलं. त्यांनी तरी तारीख घातली आणि खाली सही केली.

काम झालं असं सगळे म्हणतात. मला नाही वाटत. चारपैकी तीन राखीव स्लॉट रिकामे जाताहेत. एका क्रेनपुरतं चालेल, पण पुढे आणखी आठ यायच्या आहेत. कंट्रोलर बाहेरच्या घड्याळावर चालवा, असं मी पुरवठादाराला तीनदा लिहिलं. उत्तरात दरवेळी रेडिओचे लॉग मागवतात. परवा मी त्यांना काकांच्या वहीची झेरॉक्स पाठवली.