गुळाचा खडा

वाळूजच्या एका पेंट शॉपमध्ये सात वर्षं रंग फवारायची गन चालवली. शिफ्ट सुटली की ठेकेदाराचा माणूस प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. "खा, छाती साफ होते." गूळ जातो पोटात आणि रंग जातो छातीत, हे दहावी पास माणसाला कळायला हवं होतं. पण फुकटचा गूळ कोण सोडतो!

खोकला कामावर यायचाच नाही. यायचा रात्री दोन-अडीचला, रांजणगावच्या खोलीवर. छातीत शिट्टी वाजायची. मी आधी भिंतीच्या ओलीला दोष दिला, मग शेजाऱ्यांच्या उदबत्तीला. पोळ्याला आठ दिवस पैठणकडं गावी गेलो. बैलांजवळ गोठ्यात झोपलो, तरी माय म्हणाली, "इथं तर एकदा बी खोकला न्हाईस रे."

छातीच्या डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, सुट्टीला कसं असतं? मग पीक फ्लो मीटर दिलं. श्वास किती जोरात सुटतो ते मोजणारी प्लास्टिकची नळीच ती. दर तीन-चार तासांनी जोरात फुंकायचं आणि आकडा वहीत मांडायचा, चार आठवडे. सुट्टीला ४३०, कामाच्या दिवशी रात्री ३१०. वही बघून म्हणाले, "रंगात काय मिसळता?"

हार्डनर, रंग कडक करणारा. त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. १९८४ ला भोपाळमध्ये सुटलेला वायू याच कुळातला. आमच्या डब्यातला तो नव्हे, पण आडनाव एकच. याचा दमा कधीकधी चार-आठ तासांनी उठतो, म्हणून रात्रीचा. वास येण्याआधीच ते धोक्याच्या पुढं गेलेलं असू शकतं. एकदा अंगाला वावडं झालं की मग अगदी थोडंसंही पुरतं. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. नळीनं बाहेरची स्वच्छ हवा देणारा मुखवटा लागतो. आमच्याकडं रुमाल होता.

तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवायच्या आजारांच्या यादीत, आयसोसायनेटची विषबाधा होती. असा रुग्ण दिसला तर डॉक्टरनं मुख्य कारखाने निरीक्षकांकडं कळवायचं असायचं. आमच्या डॉक्टरांनी कळवलं. महिनाभरात मला पॅकिंगला टाकलं, ओव्हरटाइम गेला. श्वास बराच सुटला. थंडीत पंप लागतोच.

माझ्या गनवर आता बीडकडचा एक पोरगा आहे. परवा टपरीवर चहा घेताना सहज म्हणाला, "दादा, रात्री खोकल्यानं झोपच लागंना."

हातात गुळाचा खडा होता त्याच्या. मी विचारलं, "सुट्टीला कसं असतं रे?"