बागेचा तिसरा उन्हाळा

इंदूरच्या आमच्या कॉलनीतील मोकळ्या जागेवर नऊ कुटुंबांनी मिळून भाजीची बाग सुरू केली तेव्हा जून होता, त्यामुळे पाण्याचा विचार कोणी केलाच नाही. माळव्याच्या काळ्या मातीत त्या वर्षी गिलकी (इथल्या मराठी घरांतही घोसाळ्याला आम्ही हेच म्हणतो) इतकी लागली की ती कोणाला द्यावी हा प्रश्न पडला.

खरी परीक्षा तिसऱ्या उन्हाळ्यात झाली. बोअर एप्रिलमध्येच आटली. नर्मदेचे पाणी शहराला 1978 पासून मिळत असले, तरी ते सुमारे 70 किलोमीटरवरील जलूदहून पंपांनी चढवून आणावे लागते आणि आमच्या नळाला एक दिवसाआड येते. त्यातून वाफे भिजवणे कोणाच्याच मनाला पटेना. जमिनीला भेगा अशा पडल्या की माझी चार बोटे सहज आत जात. त्यातच मे महिना म्हणजे मुलांच्या सुट्या, आजोळ आणि लग्ने. बागेला माणसांची सर्वाधिक गरज असते नेमकी तेव्हाच कॉलनी रिकामी होते. जूनमध्ये आम्ही चारच कुटुंबे उरलो. गेलेल्यांवर मी बरेच दिवस मनातून रागावलो होतो, परंतु पाळ्यांची वही उघडून पाहिली तेव्हा त्यांच्या नावापुढे सगळ्या दुपारच्या पाळ्या लागल्या होत्या आणि ते अक्षर माझेच होते.

त्यानंतर आम्ही उन्हाळ्यात दोनच वाफे राखायचे ठरवले. तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी त्यांना पुरते. उरलेल्या वाफ्यांवर पाचोळ्याचा जाड थर घालून ते पडीक ठेवतो आणि त्या अवधीत खत करतो. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथे कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, आणि तिच्याच गावात आमच्या पहिल्या ढिगाला मात्र इतकी घाण सुटली की शेजारच्या काकू तावातावाने आल्या. चूक साधी होती: भाजीची देठे आणि साली भरपूर, कोरडा पाचोळा जवळजवळ नाहीच, आणि ढीग एकदाही वरखाली केलेला नाही. पाचोळा, शेण, माती व राख यांचे थर दिल्यावर आणि तीनदा ढीग पालटल्यावर सुमारे तीन महिन्यांत भुसभुशीत, वासरहित खत हाती आले.

ओला कचरा मिळवणे मात्र अजूनही सोपे नाही. सकाळी कचरागाडीचे गाणे ऐकू आले की इंदूरकरांचे हात आपोआप डबा घेऊन बाहेर पडतात, म्हणून साली आदल्या रात्रीच मागून आणाव्या लागतात. जागेच्या लेखी परवानगीचा अर्जही प्रलंबित आहे.

नळाच्या कोंडाळ्याची किल्ली आता त्याच काकूंकडे असते. दुपारची पाळी त्यांनी वहीतून स्वतःच्या हाताने खोडली.