डाव्या पायाची सतार

सतारवादकाच्या फोटोत डावा पाय सहसा दिसत नाही. दिसतात ती सतारीच्या दांडीवरच्या पडद्यांवर, म्हणजे सुरांच्या पट्ट्यांवर फिरणारी बोटं, मिटलेले डोळे, कुर्त्याची कडक इस्त्री. उजवा गुडघा ऐटीत वर आलेला असतो. डावा पाय त्याच्याखालून मुडपून पलीकडे गेलेला, आणि त्याच्या तळव्यावर सतारीचा भोपळा टेकवलेला. मैफल दोन तास चालली तर दोन तास तो तिथेच. वाजवणं संपलं की कलाकार लगेच उठत नाही. सतार हळूच बाजूला ठेवतो, बसल्या जागीच हात जोडतो, डावीकडे, उजवीकडे, समोर मान लववतो. श्रोते म्हणतात, काय ही नम्रता! नम्रता असतेच. पण पायात रक्त परतेपर्यंत उभं राहता येत नाही, हेही असतं.

निवृत्तीनंतर सतार शिकायला घेतली तेव्हा सगळ्यांनी मला बोटांची भीती घातली होती. पायाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. प्रत्यक्षात बोटं बिचारी अजून ‘दा रा’ या पहिल्या बोलांच्या पलीकडे गेली नव्हती, तोवर खाली मुंग्यांची वारूळं फुटली. विळ्या-भोपळ्याचं सख्य कसं असतं ते माझ्या पायाकडे पाहून कळावं, आणि इथे तर भोपळा खराखुरा.

तो भाजीचा नव्हे. चवीला कडू, सालीला जाड. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठाने पिकतो, चांगला खडखडीत वाळतो आणि मग मिरजेच्या सतारमेकर गल्लीत येऊन पडतो. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे वाद्यं घडवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण वेलीवर वाढलेला भोपळा कुणाच्या तळव्याचं माप घेऊन वाढत नाही. एक बुडाशी चपटा, दुसरा गरगरीत, तिसरा एका अंगाला कललेला. त्यामुळे दोन सतारी सारख्या वाजतील एक वेळ, सारख्या बसणार नाहीत. मी सतार घ्यायला गेले तेव्हा तिथल्या कारागिरांनी ती छेडून दाखवण्याआधी सतरंजी अंथरली. म्हणाले, “आधी बसा, ताई. सूर मग बघू.” तीन-चार सतारी त्यांनी एकामागून एक माझ्या पायावर ठेवल्या आणि माझ्या खांद्याकडे बघत राहिले. खांदा वर गेला की सतार परत भिंतीला. सुराबद्दल ते पुढे बरंच बोलले, पण माझा विश्वास त्या सतरंजीनेच बसला होता.

आमचे सर शिकवताना मध्येच म्हणतात, “डावा हात सोडा.” सोडायचा, अगदी हवेत उचलायचा. सतार जागची हलली नाही तर बैठक ठीक. दांडी खाली झुकली, तर इतका वेळ डावा हात वाजवत नव्हता, हमाली करत होता. सगळी मेख इथे आहे. सतारीचा भार तीन ठिकाणी वाटायचा असतो: डावा तळवा, उजवी मांडी, आणि भोपळ्यावर वरून टेकलेला उजवा हात. डाव्या हाताच्या वाट्याला काहीच नाही. त्याला मोकळं का ठेवायचं, ते मींड घेताना कळतं. एकाच पडद्यावर तार आडवी ओढत न्यायची आणि सूर चढवायचा. पोहोचलेले वादक एका पडद्यातून चार-पाच सूर काढतात. त्या ओढीसाठी बोटं, मनगट, कोपर सगळं एका दिशेने जावं लागतं. अंगठा दांडीला लोंबकळत असेल तर तार ओढली जात नाही, नुसती कुरकुरते. ऐकणाऱ्याला वाटतं हात कच्चा आहे. हात कच्चा असतोच, पण आधी बैठक कच्ची असते.

यावर इलाजही अगदी घरगुती आहेत. ड्रॉवरमध्ये भांडी सरकू नयेत म्हणून घालतात ते रबरी जाळीचं कापड मिळतं ना, त्याचा वीतभर तुकडा मांडीवर टाकायचा. रेशमी कुर्ता आणि पॉलिश केलेली दांडी यांचं एरवी कधी जमत नाही, या तुकड्याने जमतं. बैठकीखाली घडी केलेली चादर घेतली की कंबर वर येते आणि पाठ आपोआप सरळ होते. भोपळा आणि त्यावरची लाकडी तबली जिथे मिळतात ती कड उजव्या हाताला रुतते, त्यावर लांब बाही हे उत्तर. मैफलीत सतारियांच्या लांब बाह्यांकडे मी पूर्वी केवळ रुबाब म्हणून पाहायची.

आता बोटं. बाजाची म्हणजे मुख्य तार पोलादी, जाडी जेमतेम ०.३ मिलिमीटर. ती डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवर आपली रेघ उमटवते, रेघ काळी पडते, मग घट्टे होतात. भांडी घासून लगेच वाजवायला बसू नये, मऊ पडलेली कातडी तार सरळ कापते. वाटीत तेलात भिजवलेला कापूस ठेवायचा आणि अधूनमधून बोट टेकवायचं, म्हणजे ते तारेवरून घसरतं. उजव्या हाताच्या बोटात घालून तार छेडायच्या नखीची वेगळीच तऱ्हा. घट्ट असली तर बोटाचं टोक जांभळं, सैल असली तर ऐन झाल्यात, शेवटच्या द्रुत वादनात, गर्रकन फिरते. म्हणून सतारीच्या गवसणीत पक्कड असते. आमच्या घरातली पक्कड कायमची तिथे राहायला गेली आहे, आणि नळ गळायला लागला की मंडळी माझ्या खोलीत येतात.

या दुखण्याबद्दल माझी तक्रार नाही. सारंगी वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताकडे एकदा नीट पाहा. ते तार बोटाच्या पेराने दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी, कातडीच्या बाजूने तिला भिडतात. ती जागा पाहिल्यावर आपले घट्टे दाखवायची लाज वाटते. बोटाचं दुखणं सुराच्या हिशेबात धरलेलंच आहे, तार आणि कातडी जिथे भेटतात तिथे काहीतरी झिजणारच. पण खांदा, कंबर, मान, मनगट यांचा तारेशी संबंध काय? तिथलं दुखणं कुठल्याच सुरात उतरत नाही. उलट आखडलेला खांदा पहिल्यांदा लय खातो.

आपल्याकडे हे बोलायची मात्र सोय नाही. रियाजाच्या गोष्टी म्हणजे सोसण्याच्या गोष्टी: शेंडी तुटो वा पारंबी, बैठक मोडायची नाही. पाय दुखतो म्हटलं की “साधनेत एवढं चालायचंच” हे उत्तर तयार. या गोष्टी मला ऐकायला आवडतात, पटत नाहीत. कारण ज्यांची नावं घेऊन त्या सांगतात, ती माणसं बैठकीच्या बाबतीत फारच डोळस होती. रुद्रवीणेचा वरचा भोपळा डाव्या खांद्यावर घ्यायची रीत उत्तरेत जुनी. असद अली खाँ वज्रासनात बसून तशीच वाजवत. झिया मोहिउद्दीन डागरांनी वीणा मोठी, भारदस्त करून घेतली आणि ती दक्षिणेतल्यासारखी आडवी मांडली, वरचा भोपळा खांद्यावरून गुडघ्यावर आला. पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं गुरुकुल होतं. तिथे कुणी परंपरा बुडाली म्हणून टाहो फोडल्याचं ऐकिवात नाही. उलट त्यांच्या आलापाची संथ, लांब मींड ऐकावी आणि गप्प बसावं.

व्हायोलिनचं तर आपण काय केलं पाहा. साहेब ते उभ्याने, हनुवटीखाली धरून वाजवत असे. त्यालाही ते अवघडच जात असणार, नाहीतर लुई श्पोर या जर्मन वादकाने १८२०च्या सुमारास हनुवटी टेकवायची पट्टी कशाला शोधली असती! दक्षिणेतल्या लोकांनी ते वाद्य सरळ जमिनीवर बसवलं. एक टोक छातीशी, खुंट्यांकडचं टोक उजव्या घोट्यावर. डावा हात मोकळा झाला आणि व्हायोलिन गमक घ्यायला, सूर आंदोलायला लागलं. भारतीय व्हायोलिनचा निम्मा जन्म त्या घोट्यावर झाला, असं माझं मत आहे.

सवाई गंधर्वला भारतीय बैठकीत बसलेले आपण श्रोते दर दहा मिनिटांनी मांडी बदलतो, मागच्याचा पाय लागला म्हणून कुरकुरतो, चहाला उठतो. मंचावरच्या सतारियाला एवढंच करता येतं की दोन रागांच्या मधे तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या गुंजणाऱ्या तारा, लावायला थोडा जास्त वेळ घ्यायचा. त्याच्यामागे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्येला तीही सवलत नाही.

गेल्या पावसाळ्यात गुडघ्याने जमिनीला कायमचा नमस्कार केला तेव्हा मी भीत भीत सरांना विचारलं, खुर्ची चालेल का? ते म्हणाले, “डावा हात सोडून दाखवा, मग चालेल.” खुर्चीवर उजवा पाय डाव्यावर टाकायचा, भोपळा उजव्या अंगाला बैठकीवरच टेकतो. म्हणजे खुर्ची रुंद हवी आणि तिला हात नकोत. दुकानांतल्या बिनहाती खुर्च्या पाहिल्या, सगळ्या अरुंद. घरात एक शिसवी, ऐसपैस होती. सुताराला बोलावून तिचे दोन्ही हात काढून घेतले. सतार छान बसते. खुर्ची ह्यांची होती. संध्याकाळी पेपर वाचताना कोपर कुठे टेकवायचं, असं ते रोज विचारतात.