माझ्या नावापुढची रेघ

शनिवार, रात्री

आज पहिला रनथ्रू झाला. दोन्ही अंक, मध्ये न थांबता. कोणी भांडलं नाही, वेळेत संपला. मग सगळे नेहमीसारखे जमिनीवर गोल करून बसले, गुडघ्यांमुळं मी तेवढी खुर्चीवर, आणि छोटीनं, म्हणजे आमच्या दिग्दर्शिकेनं, नोट्सची वही उघडली.

मुलाला नोट : "हातात ग्लास आहे हे तू दुसऱ्याच वाक्याला विसरतोस, मग हातवारे ग्लाससकट होतात." वकिलाला : "तुम्ही दार उघडं टाकून आत येता, आणि हा पुढच्याच मिनिटाला तेच दार उघडून येतो." लाइटवाल्याला : "ब्लॅकआउट वाक्य संपल्यावर. वाक्य संपत आलंय असं वाटल्यावर नाही." प्रॉम्प्टरही सुटला नाही. "तुम्ही पॉजमध्ये ओळ पुरवता. तो विसरलेला नसतो, थांबलेला असतो." सगळे हसले.

मग तिनं माझ्याकडं पाहिलं, वहीत पाहिलं, म्हणाली, "काकू, तुमचं ठीक आहे," आणि पान उलटलं.

ठीक आहे म्हणजे काय?

घरी येऊन सांगितलं तर उत्तर मिळालं, "चांगलंच आहे की. चुकलं नसेल काही." कधी स्टेजवर न चढलेल्या माणसाला काय समजावणार. रनथ्रूत ज्याचं काहीच चुकलं नाही असा नट अजून जन्मायचाय. माझ्याच दोन जागा मला माहीत आहेत. पत्राच्या प्रसंगात मी वाक्याच्या आधी उठले, त्यामुळं उठायला कारणच उरलं नाही. आणि शेवटच्या एक्झिटला विंगेत शिरण्याआधीच भूमिका सुटली, शेवटची पावलं मी माझी चालले. समोर बसलेल्याला हे स्वच्छ दिसतं. छोटी समोरच बसली होती.

म्हणजे तिला दिसलं, आणि तिनं सांगितलं नाही.

वही मी पाहिली. ती लाइटवाल्याशी बोलायला गेली होती आणि वही खुर्चीवर उघडीच पडली होती, मग काय. अंधारात, स्टेजवरची नजर न काढता लिहिलेलं, त्यामुळं ओळी एकमेकींच्या अंगावर गेलेल्या. समासात पात्रांची अक्षरं. 'मु'चा मजकूर मावेना म्हणून बाण काढून पानाच्या मागं नेलेला. 'व'पुढं दाराचं चित्र. 'आ', म्हणजे आजी, म्हणजे मी. त्यापुढं एक आडवी रेघ. पेन्सिल दाबून काढलेली, चांगली लांब.


रविवार

रेघ डोक्यातून जात नाही.

मी स्वतः नाटकं बसवली आहेत, त्याचाच हा त्रास. नोट का दिली जात नाही याची कारणं मला आतून ठाऊक आहेत. कधी नुसता वेळ नसतो. हॉलची किल्ली परत करायची असते, कोणाची रात्रपाळी असते, कोणाच्या पोराची परीक्षा. तेव्हा ज्या चुकीनं प्रयोग कोसळेल ती आधी सांगायची, बाकीच्या देवाच्या हवाली. पण काल वेळ होता. वकिलाच्या दारावर ती भरपूर बोलली.

कधी भीती असते. हौशी संस्थेतल्या दिग्दर्शकाची ही सगळ्यात मोठी अडचण, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. नट काढून टाकता येत नाही. पैसे द्यायचे नसतात, त्यामुळं कापायचेही नसतात. हातात काय, तर समोरच्याची हौस आणि आपली जीभ. आज रुसलेला माणूस उद्या सेट उचलायला येत नाही, त्याच्याबरोबर त्याचा भाऊ येत नाही आणि भावाची गाडीही येत नाही. म्हणून प्रत्येक नोट मनात तोलून मग बोलायची. खरं किती, गोड किती. छोटी मला घाबरते का? तिला पहिल्यांदा स्टेजवर मीच उभं केलं. फ्रॉक घालून, हातात पणती देऊन. पणती विझली तर रडायचं नाही, एवढंच सांगितलं होतं.

आणि तिसरं कारण.

अण्णांच्या शेवटच्या नाटकाचं दिग्दर्शन माझ्याकडं होतं. अण्णांना ओळी राहत नव्हत्या. राहिल्या तर क्रम राहत नव्हता. मी बाकीच्यांना सांगून ठेवलं होतं, ते जे बोलतील त्यावरून पुढचं उचला. रोज तालमीनंतर सगळ्यांना नोट्स द्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "अण्णा, तुमचं छान." अण्णा मान हलवायचे. त्यांनी स्वतः इतकी नाटकं बसवली होती की...

असो.

मला ओळी राहतात. कालच्या रनथ्रूत एकदाही प्रॉम्प्ट घेतला नाही. हे इथं लिहून ठेवते.


सोमवार

अण्णांकडं नोट नावाचा प्रकारच नव्हता. ते उठायचे आणि करून दाखवायचे. नायिका असो, कारकून असो, लहान मूल असो, अण्णा स्वतः करून दाखवणार आणि म्हणणार, "हं, आता तू." वाक्य कुठं चढवायचं, कुठं सोडायचं, कितव्या पावलाला वळायचं, सगळं ठरलेलं. प्रयोगाला बसलं की वाटायचं, स्टेजवर सगळे अण्णाच फिरतायत, कोणी साडीतले, कोणी धोतरातले. पण नाटक उभं राहायचं. ज्याला काही येत नाही त्यालाही अण्णा उभं करायचे. त्यांचा पहिला नियम, प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही.

वहिनींचं वेगळं. त्यांच्या हाती वेळापत्रक. कोण कधी नाही, कोणाच्या जागी कोणी उभं राहायचं, हे तालमीच्या आधी फळ्यावर. आमच्यासारख्या ठिकाणी सगळे नट एकत्र असे रंगीत तालमीलाच भेटतात, एरवी गैरहजर माणसाच्या जागी दिग्दर्शकच उभा. वहिनींना त्यामुळं अख्खी नाटकं पाठ. एका प्रयोगाला त्या विंगेत उभ्या राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ओठ हलवत होत्या, आणि पडदा पडल्यावर... ते त्यांचं त्यांच्याजवळ राहू दे.

छोटी यातलं काहीच करत नाही. ती विचारते. "इथं आजीला काय हवंय?" अगं, तू सांग ना. "पत्र कोणाचं आहे हे तिला कळलंय का?" लेखकानं लिहिलंय ना कळलंय म्हणून. "हो, पण कुठल्या शब्दाला?" पहिले काही दिवस माझं डोकं उठलं. त्यात पत्राच्या प्रसंगात तिनं मला पाठमोरी केलं. अख्खं पत्र वाचून होईस्तोवर मी प्रेक्षकांकडं पाठ करून. अण्णा असते तर हॉल सोडून गेले असते.

आता वाटतं, रेघ त्यामुळं असेल. पाठीला काय नोट देणार?

(हा विचार आला आणि स्वतःचीच कीव आली. मग भूक लागली. जेवले.)


सोमवार, उशिरा

झोप येईना म्हणून रंगभूमीच्या इतिहासाच्या जुन्या टिपणवह्या काढून बसले. कधीतरी कार्यशाळेसाठी केल्या होत्या.

आंद्रे आंत्वान. पॅरिसमधल्या गॅस कंपनीतला कारकून. दिवसा नोकरी, संध्याकाळी हौशी मंडळींबरोबर तालीम. आपल्यासारखाच. 1887 च्या मार्चमध्ये त्यानं 'तेआत्र लिब्र' या आपल्या नाट्यसंस्थेचा पहिला प्रयोग लावला. भाड्यानं सेट आणायला पैसे नव्हते, तर आईच्या घरातल्या खुर्च्या आणि टेबल हातगाडीवर घालून त्यानं स्वतः ओढत नेले. तेव्हाच्या नाटकात पडद्यावर रंगवलेल्या भिंती चालायच्या. याच्या स्टेजवर आईचं खरंखुरं टेबल. आधुनिक दिग्दर्शकांच्या पहिल्या पिढीत नाव घेतलं जातं तो हा माणूस. पुढं 1906 मध्ये तो ओदेओंसारख्या सरकारी नाट्यगृहाचा संचालक झाला. आणि नट म्हणून त्याची चर्चा कशावरून, तर पाठीवरून. स्टेज म्हणजे खोली आणि प्रेक्षक म्हणजे तिची चौथी भिंत. माणूस खोलीत असताना भिंतीकडं तोंड करून कशाला बसेल? म्हणून तो खुशाल पाठमोरा उभा राहायचा.

म्हणजे पाठ ही शिक्षा नाही. बुद्धीला पटलं. बाकी अवयवांना अजून नाही.

त्याच वहीत रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की. तोही मुळात हौशीच, घरच्या कारखानदारीत राहून नाटक करणारा. 1898 मध्ये, मॉस्को आर्ट थिएटरच्या पहिल्या हंगामातल्या एका नाटकाची आखणी त्यानं लांब भावाच्या घरी बसून लिहिली. कोण कुठून कुठं जाईल, कुठं थांबेल, पाठीमागं बेडूक कधी ओरडतील, सगळं कागदावर. तो लिहून पाठवायचा आणि तिकडं त्याचा सहकारी दांचेन्को त्याबरहुकूम तालमी घ्यायचा. एकदम अण्णा! आणि हाच माणूस शेवटच्या वर्षांत आखून दिलेलं सगळं बाजूला ठेवून नटांना विचारत बसला, या प्रसंगात तुला काय करायचंय, कर, मग शब्दांचं बघू. म्हणजे म्हातारपणी छोटी झाला. मी हे कार्यशाळेत मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तेव्हा मला कोणी पाठमोरी केलं नव्हतं.

आणि मग मायनिंगेन. जर्मनीतलं छोटंसं संस्थान, तिथला राजा दुसरा गेऑर्ग स्वतः नाटकं बसवायचा. 1874 मध्ये मंडळी बर्लिनला गेली आणि लोक पाहत राहिले ते गर्दीचे प्रसंग. कारण गर्दीतल्या प्रत्येकाला काहीतरी स्वतःचं काम दिलेलं. यासाठी तिथं नियम होता, आजच्या नाटकात ज्याला मोठी भूमिका नाही त्यानं गर्दीत उभं राहायचं. कालचा नायक असला तरी.

मी विचार केला, त्या कालच्या नायकाला गर्दीत उभं असताना नोट मिळत असेल का? "तू, भाला धरलेला, डावीकडं सरक." आणि तो सरकत असेल. आणि घरी जाऊन रोजनिशीत भाल्याबद्दल चार पानं लिहीत असेल.

इथं मला हसू आलं. रात्री एकटीच हसत बसले. नुसती रेघ आहे, आणि मी पार जर्मनीपर्यंत जाऊन आले.

पण रेघ आहेच.


मंगळवार

ठरवलं. नोट मिळत नाही ना, मग मिळवायची.

पत्राच्या प्रसंगात माझी जागा म्हणजे उंच पाठीची खुर्ची, उजवीकडं, जमिनीवर पिवळ्या टेपनं खूण केलेली. आज मी तिकडं गेलेच नाही. सरळ मागं, डावीकडं, फोनच्या तिकाटण्याशेजारचं स्टूल ओढलं आणि बसले. पाठमोरीच, पण भलत्या कोपऱ्यात. मुलगा पत्र हातात घेऊन उभाच राहिला. प्रॉम्प्टरनं संहितेत पाहिलं, जणू स्टूल तिथं लिहिलेलं असेल. तालीम थांबली.

छोटी पुढं आली. पेन्सिल दातात धरून माझ्याकडं बघत उभी राहिली. मला आतून गुदगुल्या. आता येणार. "काकू, खुर्ची." किंवा नुसतं, "काकू!" काहीही चाललं असतं.

ती मुलाला म्हणाली, "तू टेबलाला वळसा घालून ये. त्यांच्या मागून. पत्र कोणाचं ते त्यांना दिसत नाही, आवाजावरूनच कळू दे." मुलगा वळसा घालून आला. "हळू. हं. आणि दुसऱ्या परिच्छेदाला तिथंच थांब, पुढं येऊ नकोस." मग लाइटवाल्याला, "स्टुलावर काही आहे का? नाही? मग उद्या एक लाइट वळवून घे." मग वकिलाला, तुमची एन्ट्री आता उजवीकडून, म्हणजे दाराची भानगडच मिटली. मग मला, मान वर न करता, वहीत लिहिता लिहिता, "काकू, तिथंच बसा. हे बरं आहे."

सगळ्यांना नव्या नोट्स मिळाल्या. मुलाला तर ढिगानं. मला "तिथंच बसा."

घरी येताना ती बरोबर होती. विचारू का, विचारू का करत कोपऱ्यापर्यंत आलो. ती म्हणाली, "तुम्ही काहीतरी हलवणार याची वाटच बघत होते." मी म्हटलं, "सांगायचंस ना मग." ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही सांगितलं तेवढंच केलं असतं. अण्णांसारखं."

हे कौतुक की तक्रार, मला अजून कळलेलं नाही. रेघेचं विचारायचं राहिलंच.


गुरुवार

पत्र चार पानी आहे. खुर्चीत बसून ऐकताना कधी जाणवलं नाही. स्टुलाला पाठ नाही, दुसऱ्या पानाला कंबर धरते, तिसऱ्याला डावा पाय मुंग्यांचा. शिवाय स्टुलाचा एक पाय तोकडा आहे. जरा वजन बदललं की टक्. हलायचं नाही म्हटलं की हमखास टक्.

आज नेपथ्यवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा, प्रयोगाआधी त्या पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठोकून दे. तो म्हणाला, "देतो, पण छोटीताईंना विचारून. काल त्या म्हणत होत्या, पत्रात ते नाव येतं तिथं स्टूल वाजतं ते त्यांना फार आवडलंय. दुरुस्त करू नकोस म्हणाल्यात."